हिंगोली ते वसमत, रुळांशिवाय

आमच्या घराण्यात चालण्याची परंपरा नाही.

वडिलांनी आयुष्यभर कोर्टात बसून नोकरी केली आणि मी शाळेत उभा राहून करतो. दोन पिढ्यांत झालेली शारीरिक प्रगती ती एवढीच! हिंगोलीत आमच्या घरापासून पानपट्टी इतकी जवळ होती की पानवाला शिंकला तर आमच्या ओट्यावरून त्याला 'जगा' म्हणता यायचं. तिथंही मी स्कूटरवर जायचो. (स्कूटर चालू व्हायला जेवढ्या किका मारता, तेवढ्यात पान खाऊन परत याल, असं माझी बायको कमल म्हणायची. पण तिला पानातलं काय कळतं!)

अशा माणसानं हिंगोलीहून वसमतला पायी जाण्याची घोषणा केली, त्याला कारण आमचे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, शोभाचे यजमान. वसमतला त्यांचं पाइपांचं दुकान. माणूस दिलदार, पण जीभ अशी की ऐकणाऱ्याच्या अंगाला तिखट लागावं. त्यांची मुलगी वैशाली, म्हणजे माझी एकुलती एक भाची, तिचं लग्न ठरलं आणि साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला दाजी आमच्याकडं आले. आले ते नव्या कोऱ्या जीपमधून. जेवणं झाली. दाजींनी हात धुतला, ढेकर दिला आणि म्हणाले, "गुरुजी, साखरपुड्याला जीप पाठवतो तुमच्यासाठी. एसटीची पायरी लई उंच असती. तुमाला तकलीफ व्हईल."

सगळे हसले. कमल हसली नाही, पण माझी आई हसली. सख्खी आई!

आता मला म्हणायचं होतं, "चालंल की, येतो आमी एसटीनं." पण रागाच्या भरात मधले शब्द गळाले आणि तोंडातून निघालं, "चालत येतो आमी!"

मी दुरुस्ती करणार, एवढ्यात दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "चालत? तुमी? गुरुजी, पानपट्टीवर तर चालत जाऊन दाखवा आधी!" आणि पुन्हा हशा.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कमल बाहेर आली. हातात उलथनं. "येतील ते चालत. आन् मीबी येते."

मी तिला डोळ्यांनी खूप खुणा केल्या. तिनं तिकडं बघितलंच नाही. रात्री मी विचारलं, "अगं, काहून म्हणालीस असं? मी आता कसा चालू?"

"एका पायापुढं दुसरा पाय टाकून," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला माझ्यासमोर दुसऱ्या कुणी हसायचं न्हाई. हसायचं तर मी हसंन."

यावर नवऱ्यानं खूश व्हावं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

सकाळी आईनं जाहीर केलं की तीही येणार. मामाकडून वैशालीला द्यायची साडी तिनं स्वतः निवडली होती आणि ती आमच्या हाती सोडायला तिची तयारी नव्हती. "तुमी दोघं वाटंत हरवले तर हरवले," ती म्हणाली, "पण साडी पोचली पाह्यजे."

वाट कोणती धरायची, हे मात्र मी ठरवलं. त्या काळात आमच्या भागातली छोटी रेल्वे बंद झाली होती. मोठी लाईन टाकायची म्हणून जुने रूळ उचलून नेले होते आणि उरली होती खडीची नुसती मोकळी पट्टी, शेताशिवारांतून थेट वसमतपर्यंत. ना चढ, ना उतार, ना ट्रकांची भीती. "ही वाट म्हणजे सरळ रेघ आहे," मी घरात सांगितलं. "हरवायचं म्हटलं तरी माणूस हरवू शकत न्हाई!" हे वाक्य मी गल्लीतही चार ठिकाणी ऐकवलं. न ऐकवतो तर फार बरं झालं असतं.

तयारी जोरात झाली. मी आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांचे बूट मागून आणले. ते एक नंबर लहान होते, पण सर म्हणाले, "चालून चालून सैल व्हतील." (बूट झाले नाहीत. पाय झाले.) आईनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बांधून घेतलं. कमलनं घरात घालायच्या जादा स्लीपर घेतल्या. मोबाइल तेव्हा दाजींकडं होता, आमच्याकडं नव्हता. आमचा फोन भिंतीला जोडलेला होता आणि भिंत येणार नव्हती.

फेब्रुवारी संपत आला होता. पहाटे उजाडताना निघालो, तर अख्खी गल्ली ओट्यावर. समोरचे देशमुखकाका दात घासत म्हणाले, "सर, गाडी बंद हाय म्हणून चालत निघाले का? पण बस चालू हाय ना!"

"आमी ठरवूनच चालून राहिलो," मी छाती काढून म्हणालो.

"घरी काही भांडण?"

स्टेशनापाशी लाईन धरली आणि पहिला तासभर मला असं वाटत होतं की मी उगाच इतकी वर्षं वाहनांवर घालवली. थंड हवा, दोन्ही बाजूंना हरभरा, कोवळं ऊन तोंडावर. मी हात हलवत पुढं, मधे साडीचं गाठोडं डोक्यावर घेतलेली आई, मागं कमल. मी त्यांना श्वास कसा घ्यायचा, टाच कशी टेकवायची हे समजावून सांगत होतो. दुसऱ्या तासाला मी बोलायचा थांबलो. तिसऱ्या तासाला क्रम बदलून आई पुढं, कमल मधे आणि मी मागं, असा झाला. खडी ही वस्तू आगगाडीसाठी बनवलेली आहे, माणसासाठी नाही. प्रत्येक खड्याला टोक असतं आणि ते नेमकं वर असतं!

एका ठिकाणी शेजारच्या गाडीवाटेनं एक बैलगाडी निघाली होती. गाडीवाला म्हणाला, "बसा की पाव्हणं. नांदापूरपर्यंत सोडतो."

माझा पाय आपोआप उचलला गेला. कमलनं मागून शर्ट धरला.

"न्हाई दादा," ती म्हणाली, "आमचं चालायचं ठरलंय."

"नवस हाय का?"

"नवरा हाय," कमल म्हणाली.

गाडीवाल्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि बैलांना हाकललं.

दुपारी ऊन तापलं तसं आम्ही लाईनीच्या उंच भरावावरून खाली उतरलो. तिथं एका विहिरीजवळ मोठं कडुलिंबाचं झाड होतं. धपाटे खाल्ले, पोटभर पाणी प्यालो आणि मी म्हणालो, "पाच मिनिटं पाठ टेकतो." जाग आली तेव्हा सावली झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेली होती आणि त्या दोघीही गाढ झोपल्या होत्या. मी त्यांना घाईघाईनं उठवलं. पुन्हा तो भराव चढायची माझ्या पायांची तयारी नव्हती, म्हणून मी शोध घेतला. जवळच लाईनीखालून पाणी जायची एक मोरी होती. वाकून तिच्यातून पलीकडं गेलं की तिकडं चढ अगदी सोपा. "पाहा," मी म्हणालो, "डोकं वापरलं की पाय वाचतात!" मोरीतून निघालो, वर चढलो, लाईन धरली आणि झपाझप चालू लागलो. झोपेनं ताजातवाना झालो होतो. पुन्हा मी पुढं.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "सुभाष, सकाळी ऊन तोंडावर व्हतं."

"व्हय."

"आताबी तोंडावरच हाय. सूर्य आपल्यासंगं चालून राहिला का?"

"आई," मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "या महिन्यात पृथ्वी थोडी कललेली असते. त्यानं असं होतं."

(मी शाळेत भूगोल शिकवतो, हे सांगायचं राहिलंच.)

आणखी काही वेळ गेला. कमल एका बोरीपाशी थांबली. "अहो, ही बोर सकाळीबी होती."

"कमल, बोरी सगळीकडं सारख्याच असतात."

"त्यांना माझ्या पदराचा धागाबी सगळीकडं लटकलेला असतो का?"

मी जवळ जाऊन पाहिलं. हिरवा धागा होता. कमलच्या पदराला जिथं खोच पडली होती तिथं त्यानं अगदी बराबर बसावं असा! तरीही मी हार मानली नसती, पण तेवढ्यात बांधाच्या कडेनं शेरडं घेऊन एक बाई आली. सकाळी तिनं आम्हाला राम राम घातला होता. ती आमच्याकडं बघून थांबली.

"सकाळी तिकडं गेलते ना तुमी?" ती म्हणाली. "मंग काहून परत आले? काही इसरलं का घरी?"

आम्ही तिघं जागच्या जागी उभे. दूरवर झाडांच्या वर मला पाण्याची टाकी दिसली. मी ती ओळखली. तिचं पाणी आमच्या नळाला येतं.

आता खरं सांगायचं तर ती टाकी पाहून मला जो आनंद झाला, तो मला माझ्या नोकरीची ऑर्डर आल्यावरही झाला नव्हता! मी अतिशय जड आवाजात म्हणालो, "झालं ते झालं. आता घर जवळच आहे. आज घरी झोपू, उद्या सकाळी ताज्या दमानं..."

"उद्या सकाळी तुमी स्कूटरला किका मारून राहाल," कमल म्हणाली.

"अगं, पण..."

"घर दिसलं म्हणून घरी जायचं का?" आई म्हणाली. तिनं गाठोडं एका हातानं सावरलं, जागेवर वळली आणि आलेल्या वाटेनं पुन्हा चालू लागली. कमल तिच्या मागं. मी टाकीकडं एकदा बघितलं, त्या दोघींकडं एकदा बघितलं. शेरडंवाली बाई माझ्याकडं बघत होती, शेरडंही बघत होती. मी वळलो.

चालणं म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी कळलं. बोर पुन्हा गेली, मोरी पुन्हा आली, ते लिंबाचं झाड पुन्हा दिसलं. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दिवस बुडता बुडता आम्ही त्या शेरडंवाल्या बाईच्याच वस्तीवर पोचलो. ती शेरडं घेऊन आडवाटेनं आमच्या आधीच पोचली होती. म्हणाली, "अंधार पडून राहिला, कुठं जाता? आमच्याइथं चला." तिच्या सासऱ्यांनी आम्हाला भाकरी, पिठलं आणि अंगणात झोपायला बाजा दिल्या. मी बूट काढले. पायांना आलेले फोड पाहून म्हातारबाबांनी कंदील जवळ आणला. मग त्यांनी विचारलं, "काय काम करता तुमी?"

"मास्तर हाव."

"बरं हाय," ते म्हणाले. "बसायचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी मी बूट नाड्यांनी गळ्यात अडकवले आणि कमलच्या जादा स्लीपर पायांत घातल्या. त्या जांभळ्या होत्या आणि अंगठ्यापाशी त्यांना प्लास्टिकचं एकेक फूल होतं. नांदापूर मागं पडलं. आदल्या दिवसाचा उशीर भरून काढायचा म्हणून आम्ही दुपारची झोप रद्द केली. मी फक्त समोर बघून चालत होतो. आता मला दाजींचा राग उरला नव्हता, इज्जतीचंही काही वाटत नव्हतं. मला फक्त पोचायचं होतं. कारण आदल्या रात्री बाजेवर पडल्यावर आई अंधारात म्हणाली होती, "वैशूनं मला फोनवर सांगितलं, आजी, मामा आल्याबिगर मी पाटावर बसायची न्हाई." पोरगी लहानपणापासून हट्टी. ती बसणार नाही म्हणजे नाहीच. तिकडं मुलाकडची मंडळी आमच्या हिंगोलीजवळच्या पुसेगावहून येणार आणि पोरगी पाटावर बसायला तयार नाही, कारण मामा मोरीतून उलटा निघाला!

बोल्डा गाव आलं त्याच्या थोडं पुढं, जिथं रस्ता लाईनीला आडवा जातो, तिथं आईनं एकदम हात वर केला. "थांबा! जावईबापूची जीप!"

खरंच! धुरळा उडवत दाजींची जीप येत होती. (मागून कळलं, कुणीतरी त्यांना फोन केला होता की तुमचे पाहुणे रानात फिरून राहिलेत, त्यांच्या डोक्याला ऊन लागलं काय बघा.) आणि जीप पाहताच मला कळून चुकलं की दाजी आले, दार उघडलं आणि "बसा गुरुजी" म्हणाले, तर मी बसेन. कोणतीही शक्ती मला अडवू शकणार नाही.

कमललाही ते कळलं असावं. "लपा!" ती म्हणाली.

"अगं, लपायचं काहून? नाही म्हणू की त्यांना."

"तुमच्या तोंडून न्हाई निघणार न्हाई. लपा म्हणते ना!"

जवळच एका शेतात पत्र्याची शेड होती. आम्ही तिघं धावलो. (माझ्या धावण्याचं वर्णन मी करणार नाही. जांभळ्या स्लीपर डोळ्यांपुढं आणा, पुरे.) शेडच्या आत लोखंडी जाळीचा मोठा गोल ढोल होता. त्याच्या मागं मी बसलो. आई गाठोडं घेऊन बाहेर कडब्याच्या गंजीमागं गेली, कमल तिच्याजवळ. जीप लाईनीपाशी थांबली. दाजी उतरले. "गुरुजी! ओ गुरुजी!" त्यांनी हाका मारल्या. मी श्वास रोखून धरला.

वसमतकडच्या वाचकाला तो ढोल कसला हे केव्हाच कळलं असेल. मला कळायला एक मिनिट लागलं. हळद शिजवून, वाळवून झाली की ती त्या ढोलात घालून फिरवतात, म्हणजे वरची साल निघून तिला पॉलिश होतं. निघालेली साल आणि भुकटी जाळीतून बाहेर उडते. तो ढोल हळदीनं भरून ठेवलेला होता. त्याचा मालक जेवायला गेला होता आणि नेमका तेव्हा परत आला. मी त्याला दिसलो नाही. त्यानं बटण दाबलं.

त्यानंतर जगात फक्त पिवळा रंग होता.

मी ओरडलो, पण त्या ढोलाच्या आवाजात तो मलाच ऐकू आला नाही. तोंड उघडलं म्हणून तोंडात हळद गेली एवढंच. डोळे मिटून, हातांनी चाचपडत मी बाहेर आलो. शेताचा मालक मला पाहून ओरडला आणि मागं पडला. पलीकडून पाट वाहत होता. तोंड धुवावं म्हणून मी पाण्याच्या आवाजाच्या दिशेनं गेलो आणि पाटाच्या काठाचा अंदाज चुकला. कोरडी हळद होती तोवर झटकता आली असती. आता ती भिजली.

दाजींची जीप तोवर निघून गेली होती. कमल धावत आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचे ओठ थरथरले, गाल फुगले. आणि मग ती पाटाच्या काठावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मी म्हणलं नव्हतं का," ती कशीबशी म्हणाली, "हसायचं तर मीच हसंन!"

आईनं आधी गाठोडं उघडून साडी पाहिली. साडीला काहीच झालं नव्हतं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "कढईतून काढल्यासारखा दिसून राहिला," ती म्हणाली.

शेताचा मालक भला माणूस. त्यानं साबण दिला. पण शिजलेली हळद आणि साबण यांचं काय होतं हे घराघरांतल्या बायकांना माहीत आहे. मी लाल झालो. मग पुन्हा धुतलं तर पुन्हा पिवळा झालो. शेवटी मी कंटाळलो आणि म्हणालो, "राहू द्या. चला."

आणि खरोखर चाललो! त्या संध्याकाळी कुणी मला ओढलं नाही, ढकललं नाही. दोन ट्रॅक्टरवाल्यांनी आणि एका दुधवाल्यानं बसा म्हटलं, त्यांना मीच हात जोडले. (त्यातल्या एकानं मला देव समजून उलटा नमस्कार केला.) चोंढीला एका ओळखीच्या घरी पाठ टेकली आणि सकाळी उजाडायच्या आत पुन्हा लाईनीवर. आईचा गुडघा दुखायला लागला होता, ती बोलत नव्हती, पण तिची पावलं बारीक झाली होती. मी तिच्या हातातून गाठोडं घ्यायला गेलो. तिनं माझ्या पिवळ्या हातांकडं पाहिलं आणि म्हणाली, "तू फक्त स्वतःला आण." मग मी तिचा दुसरा हात धरला. वसमतची घरं दिसेपर्यंत आम्ही दोघं तसेच चाललो. शेवटचं आईचा हात धरून मी कधी चाललो होतो, ते मला आठवेना.

दाजींच्या दारात मांडव होता. वेळ टळून गेली होती. आत पुसेगावची मंडळी बसली होती आणि दारात दाजी, फेट्याचं टोक पुन्हा पुन्हा खोचत, रस्त्याकडं बघत उभे. आम्हाला पाहून त्यांचा हात फेट्यावरच राहिला. जांभळ्या स्लीपर, गळ्यात बूट, केसांपासून कॉलरपर्यंत पिवळा मेव्हणा! मला वाटलं, आता हा माणूस हसून हसून मांडवाचा खांब पाडणार.

दाजी हसले नाहीत. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, खरंच आले का हो तुमी? मी तुमाला दोन दिवस शोधून राहिलो. चूक झाली माझी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "आत काही बोलू नका. व्याह्यांना मी सांगितलंय की भाचीचं लग्न ठरलं म्हणून मामानं पायी यायचा नवस केला. दुसरं काय सांगणार? माझ्या जिभेनं केलं म्हणून सांगू?"

"आन् हा रंग?" मी विचारलं.

दाजींनी मला नीट पाहिलं. "तो नवसातच धरू," ते म्हणाले.

आत गेलो तर वैशाली सगळ्यांसमोर उठून पळत आली आणि मला बिलगली. तिच्या नव्या साडीचा पदर माझ्या छातीएवढा पिवळा झाला. "मामा, मला हळद आजच लावली का रे!" ती रडता रडता हसत म्हणाली, आणि सगळा मांडव हसला. मग ती जाऊन पाटावर बसली. आईनं गाठोड्यातून साडी काढली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मुलाचे वडील आबासाहेब, पांढऱ्या मिशांचे धिप्पाड गृहस्थ, उठून उभे राहिले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. (त्यांचेही हात पिवळे झाले.) "असा मामा आमी पाह्यला न्हाई," ते म्हणाले. "पोरीसाठी एवढं कोण करतं? गुरुजी, आमची एकच इच्छा. लग्न पुसेगावला हाय. लग्नालाबी तुमी चालतच या. आमी वेशीवर बँड उभा करतो. वाजतगाजत नेतो तुमाला!"

टाळ्या पडल्या. मी तोंड उघडलं. माझ्या आधी कमल म्हणाली, "येतील की!"

या वेळी मी खरंच मनावर घेतलं. रोज पहाटे चालायला लागलो, पानपट्टीवर पायी जाऊ लागलो. पानवाल्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "सर, स्कूटर इकली का?" लग्नाच्या आदल्या दिवशी मी पायाच्या मापाचे, चांगले चालायचे बूट घ्यायला बाजारात गेलो. बूट उत्तम मिळाले. दुकानाच्या पायरीवरून उतरताना पाय मुरगळला.

पहाटे कमल आणि आई ठरल्याप्रमाणे चालत निघाल्या. दोघींनी मला थांब म्हटलं नाही, ये म्हटलं नाही, फक्त बामाची बाटली उशाशी ठेवली. मी दाढी केली, इस्त्रीचा सफारी घातला आणि पहिल्या एसटीनं पुसेगावला उतरलो. वेशीवर बँड हजर होता. वाजंत्री मंडळी, हार घेतलेले तरुण, बघायला आलेलं निम्मं गाव. मी लंगडत पुढं झालो. त्यांच्यातल्या एकानंही मला पाहिलेलं नव्हतं. त्यांना सांगितलं होतं, की पिवळा माणूस येईल.

"ओ साहेब," ढोलवाला मला म्हणाला, "जरा बाजूला व्हा. नवरीचे मामा चालत येऊन राहिलेत."

मी बाजूला झालो. एका मुलानं मला बसायला खुर्ची दिली, दुसऱ्यानं सरबत दिलं. मग मीही रस्त्याकडं डोळे लावून, सगळ्यांबरोबर, मामांची वाट पाहू लागलो.